रॉकेट हवेला रेटत नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गल्लीत एक तात्या राहतात. उभा जन्म त्यांनी शेतीपंपांच्या मोटारी भरण्यात आणि पाइपलाइनी जोडण्यात घालवला. अवकाशमोहिमेची बातमी आली की ती तोंडावर आपटावी तशी माझ्यासमोर टाकून ते एखादा प्रश्न विचारतात. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारले, ‘सर, हवेत रॉकेट वर जातं हे डोळ्यांनी दिसतं. पण वर हवाच नाही म्हणता, तर तिथे ते रेटतं कशाला?’ मी सवयीने न्यूटनच्या तिसऱ्या नियमाकडे बोट दाखवले : प्रत्येक क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया असते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘तो नियम मलाही पाठ आहे. क्रिया कशावर करायची, तेच तर विचारतोय.’

मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, आणि तरीही त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. कारण वर्गात फुगा सोडून दाखवताना ‘फुग्यातली हवा मागच्या हवेला ढकलते, म्हणून फुगा पुढे जातो’ असे मी स्वतः कितीतरी वेळा बोलून गेलो आहे. ते वाक्य चूक आहे. रॉकेट उडाल्यावर ‘ज्वाला जमिनीवर आदळल्या आणि यान वर उचलले गेले’ अशा ओळी मराठी वृत्तपत्रांतही अधूनमधून वाचायला मिळतात, त्याही तितक्याच चूक आहेत. शंका घेणाऱ्यांना हसण्यापूर्वी ती शंका आपणच पेरली आहे का, हे पाहावे, म्हणून हे पत्र.

वृत्तपत्रांचा उल्लेख केलाच आहे, तर एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड हे क्लार्क विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. फार मोठ्या उंचीवर उपकरणे कशी पोहोचवता येतील यावरचा त्यांचा प्रबंध स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केला, आणि त्यात चंद्रापर्यंत रॉकेट पाठवण्याच्या शक्यतेचाही विचार होता. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीय पानावर त्यांची खिल्ली उडवली. मुद्दा तात्यांचाच होता : वातावरणाबाहेर रेटायला काही नसताना रॉकेट पुढे कसे जाईल? शाळेत शिकवले जाणारे क्रिया-प्रतिक्रियेचे साधे ज्ञानही या प्राध्यापकांना नाही, असा टोलाही त्यात मारलेला होता. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्राकडे झेपावले आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ जुलैला, त्याच वृत्तपत्राने दुरुस्ती छापली : रॉकेट निर्वातातही चालते हे आता सिद्ध झाले आहे, झालेल्या चुकीबद्दल खेद वाटतो. गोडार्ड ती वाचायला नव्हते. त्यांचे निधन १९४५ मध्येच झाले होते.

या गोष्टीतला जो भाग सहसा सांगितला जात नाही, तो मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या प्रबंधाची थट्टा झाली, त्याच प्रबंधात या शंकेचे उत्तर प्रयोगासकट दिलेले होते. गोडार्ड यांनी दारूचे छोटे बार बंद नळ्यांमध्ये, आतली हवा पंपाने जवळजवळ पूर्ण काढून टाकून, उडवून पाहिले होते आणि बसणारा उलटा धक्का मोजला होता. बाहेर पडलेले वायू नळीच्या बुडावर आपटून परत येतील आणि तेच रॉकेटला ढकलतील, अशी हरकत कोणी घेईल हेही त्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून एका मांडणीत त्यांनी नळी वर्तुळाकार वळवली. वायू तिच्यात फिरत राहून घर्षणाने मंदावतील आणि मागे उसळणार नाहीत, अशी ती योजना होती. निष्कर्ष असा निघाला की निर्वातात मिळालेला रेटा हवेतल्यापेक्षा कमी तर नव्हताच, उलट अधिक होता. संपादकांनी प्रबंध नीट वाचला असता, तर एकोणपन्नास वर्षांनंतरची ती दुरुस्ती छापावी लागली नसती.

आता तात्यांच्या प्रश्नाकडे वळतो. त्याचे उत्तर शेवटी त्यांच्याच धंद्यात सापडले. रात्री उशिरा वीज येते, स्टार्टरचे बटण दाबले जाते आणि बांधावर मोकळा टाकलेला डिलिव्हरी पाइप क्षणभर फुसफुसतो. मग पाण्याचा लोंढा तोंडाशी पोहोचतो आणि पाइप सापासारखा उसळून मागे येतो. ज्याने त्यावर दगड ठेवलेला नसेल, त्याच्या पायावर त्याचा तडाखा बसतो. ‘पाइप मागे का येतो? पाणी समोरच्या हवेवर आपटतं म्हणून का?’ असे मी विचारले, तेव्हा तात्या हसले. ‘हवेवर काय आपटणार? पाणी जोरात निघतं, त्याचा झटका पाइपला बसतो. बेंडला तर सर्वांत जास्त. जॉइंट तिथेच निसटतो.’ मी पुढे विचारले की पुढे ढकलायला काहीतरी असण्यामुळेच झटका बसत असेल, तर पाइपचे तोंड पाण्याने भरलेल्या हौदात बुडवल्यावर तो कित्येक पटींनी वाढायला हवा, कारण पाणी हवेपेक्षा आठशे पट जड असते. तसा अनुभव आहे का? बुडवलेला पाइप उलट गप्प बसतो, हे त्यांनीच मला सांगितले.

बेंडच्या जॉइंटवर ताण का येतो, याचे उत्तर मिळाले की रॉकेटचे बव्हंशी समजले म्हणायचे. पाण्याचा वेग बदलायचा असेल, मग ती त्याची दिशा असो की त्याची गती, तर पाइपच्या भिंतीला पाण्यावर बळ लावावे लागते, आणि तेवढेच बळ पाणी त्याच क्षणी, त्याच जागी भिंतीवर उलट लावते. पाणी पुढे कुठे जाते, कशावर पडते, की कशावरच पडत नाही, याच्याशी त्या बळाचा काही संबंध नाही. तोफ मागे सरकते तीही गोळा किल्ल्याच्या तटावर आदळल्यामुळे नव्हे. गोळा नळीतून पूर्ण बाहेर पडण्याआधीच तोफगाडा हलू लागलेला असतो. क्रिया आणि प्रतिक्रिया ही जोडी रॉकेट आणि बाहेरची हवा यांच्यात नसून रॉकेट आणि त्याच्याच पोटातला वायू यांच्यात आहे. पाठ्यपुस्तकातला नियम बरोबर आहे. तो कोणत्या दोन वस्तूंना लावायचा, एवढेच आपण सांगायचे राहून जाते.

तात्यांची शंका निराधार नव्हती, हेही येथे नोंदवतो. वल्हे पाण्याला मागे ढकलते, पोहणारा पाण्याला ढकलतो, हेलिकॉप्टरचे पाते हवेला खाली ढकलते. या सगळ्यांना माध्यम लागतेच, कारण मागे फेकायचा माल ते बाहेरूनच उचलतात. प्रवासी विमानाचे जेट इंजिनही हवा आत ओढल्याशिवाय चालत नाही. रॉकेट फेकायचा माल स्वतःबरोबर घेऊन निघते, आणि श्रीहरिकोट्याला उभ्या असलेल्या यानाच्या वजनातला बहुतांश वाटा या मालाचाच असतो. १९०३ मध्ये कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की यांनी मांडलेल्या समीकरणात वायू बाहेर पडण्याचा वेग आहे, इंधनासह आणि इंधनाविना यानाचे वस्तुमान आहे. हवा मात्र त्यात कुठेच नाही.

‘मग हवेविना पेटते कसे?’ ही शंकेची दुसरी बाजू चटकन संपवता येते. दिवाळीच्या बाणात शोरा असतो आणि ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन त्या शोऱ्यातच बांधलेला असतो. मोठ्या रॉकेटमध्ये ऑक्सिजन किंवा ऑक्सिजन पुरवणारे रसायन वेगळ्या टाकीत नेतात. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ज्याची जडणघडण होते, त्या ‘विकास’ इंजिनाची दोन द्रवे तर एकमेकांना भेटताच पेट घेतात, ठिणगीचीही गरज पडत नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात हे इंजिन पन्नास किलोमीटरहून अधिक उंचीवर सुरू होते. तेथील हवा समुद्रसपाटीच्या हजाराव्या हिश्शाहूनही विरळ असते. तेथे हे इंजिन सुमारे ८ लाख न्यूटनचा (न्यूटन हे बळ मोजण्याचे एकक) रेटा देते. रेटायला हवा लागत असती, तर पीएसएलव्हीची प्रत्येक उड्डाणकथा दोन मिनिटांच्या आत संपली असती.

अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये याहून जास्त शास्त्रीय वाटणारी एक हरकत घेतली जाते, आणि शिकलेली माणसेही तिच्यात अडकतात, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. हरकत अशी : निर्वातात वायूचे मुक्त प्रसरण होते, म्हणजे काहीही न ढकलता तो मोकळा पसरतो, आणि मुक्त प्रसरणात वायू शून्य कार्य करतो, हे बारावीच्या पुस्तकातच आहे, मग शून्य कार्य करणारा वायू रॉकेट कसे ढकलणार? यातले पुस्तकी वाक्य बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. ते वाक्य जेम्स जूल यांच्या १८४५ मधील प्रयोगावर आधारलेले आहे. त्यांनी तांब्याची दोन भांडी तोटीने जोडली. एकात हवा दाबून भरली, दुसरे रिकामे केले, आणि दोन्ही एकाच पाण्याच्या टाकीत बुडवून तोटी उघडली. पाण्याचे तापमान बदलले नाही. म्हणजे दोन्ही भांडी मिळून पाहिले तर वायूने बाहेरच्या जगावर काही कार्य केले नाही.

पण जूल तेवढ्यावर थांबले नव्हते. पुढच्या प्रयोगात त्यांनी दोन भांडी दोन स्वतंत्र पाण्यांत ठेवली. तेव्हा ज्यातून हवा निघाली ते पाणी थंड झाले आणि ज्यात हवा शिरली ते गरम झाले, जवळजवळ सारख्याच प्रमाणात. याचा अर्थ असा की पहिल्या भांड्यातल्या हवेने स्वतःची उष्णता खर्च करून बाहेर निघणाऱ्या हवेला वेग दिला आणि ती वेगवान हवा दुसऱ्या भांड्याच्या भिंतींवर आपटून तो वेग पुन्हा उष्णतेत बदलला. पहिल्या भांड्याला मागे धक्का बसला, दुसऱ्याला पुढे धक्का बसला. दोन्ही भांडी एकमेकांना पक्की जोडलेली असल्याने जमाखर्च शून्यावर आला. आता दुसरे भांडे काढून टाका. निघालेला वायू अडवायला आणि त्याचा धक्का परत फेडायला कोणी उरत नाही, आणि पहिल्या भांड्याला बसलेला धक्का तसाच शिल्लक राहतो. ते पहिले भांडे म्हणजेच रॉकेट. ज्या प्रयोगाचा दाखला देऊन रॉकेट चालत नाही असे सांगितले जाते, तोच प्रयोग रॉकेट का चालते ते दाखवतो.

स्वयंपाकघरातला कुकर घेतला, तरी हेच दिसते. बंद कुकरमध्ये वाफ झाकणाला जेवढ्या जोराने वर ढकलते, तेवढ्याच जोराने तळाला खाली ढकलते, म्हणून कुकर ओट्यावरून हलत नाही. त्याचा तळ अचानक नाहीसा झाला, तर खालचा दाब घ्यायला भिंत उरणार नाही, झाकणावरचा दाब मात्र असेल, आणि उरलेला कुकर छताकडे जाईल. (हा प्रयोग कोणी करू नये, हे सांगायला नकोच.) ‘विकास’ इंजिनाच्या ज्वलनकक्षात हा दाब बाहेरच्या वातावरणाच्या पन्नास पटींहून जास्त असतो. त्याला खालून तोंड उघडे आहे, वरून नाही. हा हिशोब पूर्ण करायला बाहेर काय आहे हे पाहावे लागत नाही.

बाहेर हवा असलीच, तर ती मदत करत नाही, आड येते. स्पेस शटलच्या आरएस-२५ इंजिनाचा रेटा समुद्रसपाटीवर सुमारे १८.६ लाख न्यूटन होता आणि निर्वातात सुमारे २२.८ लाख न्यूटन. इंजिन तेच, इंधन तेच; फरक सुमारे ४.२ लाख न्यूटनचा. हा फरक कोठून आला ते बारावीचा विद्यार्थी कागदावर काढू शकेल. त्या इंजिनाच्या नोझलचे, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाचे, तोंड साधारण २.३ मीटर व्यासाचे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४.१५ चौरस मीटर. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला १.०१ लाख न्यूटन. दोन्हींचा गुणाकार ४.२ लाखांच्या घरात येतो. हवेने मागून धरून ठेवलेला रेटा नेमका एवढाच. मी हा हिशोब तात्यांच्या दुकानात एका जुन्या बिलाच्या पाठीवर करून दाखवला, तेव्हा त्यांनी मोटारीचे आवरण बाजूला ठेवून तो कागद स्वतःकडे ओढला आणि गुणाकार एकदा तपासून पाहिला.

आपल्या एलव्हीएम-३ यानाच्या वरच्या टप्प्यातील क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणारे) इंजिन सीई-२० हे याचे आणखी बोलके उदाहरण आहे. ते निर्वातासाठीच घडवलेले असल्याने त्याचे नोझल फार पसरट आहे. तोंडापाशी वायूचा दाब जेमतेम ५० मिलिबार राहतो, म्हणजे जमिनीवरील हवेच्या दाबाचा साधारण विसावा भाग. असे इंजिन जमिनीवर पेटवले, तर बाहेरची हवा नोझलमध्ये घुसू पाहते, वायूचा झोत भिंतीपासून सुटतो आणि हादऱ्यांनी नोझलचीच मोडतोड होण्याची भीती असते. महेंद्रगिरीला इस्रोने २९ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याची चाचणी घेतली, तेव्हा नोझलला सांभाळण्यासाठी खास संरक्षक व्यवस्था करावी लागली. हवेचा आधार लागतो असे मानणाऱ्यांनी, इंजिनाला हवेपासूनच वाचवावे का लागते, याचे उत्तर द्यावे.

प्रत्यक्ष पुरावा म्हणून लोक चांद्रयान-३ चे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी त्यातील विक्रम हे चंद्रावर उतरणारे यान उतरू लागले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक होता. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूट निरुपयोगी. तो सगळा वेग सुमारे एकोणीस मिनिटांत फक्त रॉकेट इंजिनांनी मारला. पुढे ३ सप्टेंबरला त्याच इंजिनांनी विक्रमला सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलून थोड्या अंतरावर पुन्हा टेकवले. परंतु मी हे सांगताच तात्या म्हणाले, ‘तिथे खाली माती होती ना, तिच्यावर रेटलं असेल!’ ही हरकत मला आवडली. शेवटच्या काही मीटरांविषयी ती घेता येते. तीस किलोमीटर उंचीवरून सुरू झालेल्या उतरणीला ती लागू पडत नाही, तरी वाद नको म्हणून मी मंगळयानाकडे गेलो.

२४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयानाच्या आजूबाजूला ना हवा होती, ना पाय टेकण्यासारखी जमीन. यान उलटे फिरवून, इंजिनाचे तोंड प्रवासाच्या दिशेला करून, ४४० न्यूटनचे मुख्य इंजिन आणि त्याच्या सोबतीला आठ छोटी इंजिने सुमारे २४ मिनिटे चालवली गेली. ४४० न्यूटन म्हणजे किती? सिमेंटचे एक पोते उचलायला लागते, त्याहून थोडे कमी बळ. तेवढ्या बळाने आणि छोट्या इंजिनांच्या साथीने यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटरने घटला आणि मंगळाच्या गुरुत्वाने त्याला धरून ठेवले. इंजिनाने रेटा दिलाच नसता, तर यान मंगळाला वळसा घालून पुढे निघून गेले असते. ते तसे गेले नाही, हे यानाकडून साडेबारा मिनिटांनी पृथ्वीवर पोहोचणाऱ्या रेडिओ लहरींच्या कंपनसंख्येतील बदलावरून कळले. कंपनसंख्येतला हा बदल यानाच्या वेगाचा थेट मोजमापपट्टा आहे, आणि त्यात छायाचित्रांसारखी ‘बनावट’ची शंका घ्यायला फारसा वाव नसतो.

संपादक महाशय, माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. यापुढे श्रीहरिकोट्याहून यान उडेल, तेव्हा पहिल्या पानावर धुराच्या लोटांचे मोठे छायाचित्र येईलच. त्याखालच्या ओळीत ज्वाला जमिनीवर आदळल्यामुळे यान वर गेले, असे लिहू नये. ‘इंजिनाने वायू खाली फेकला आणि त्या वायूने इंजिनाला वर रेटले’ एवढे वाक्य तितक्याच जागेत बसते. शाळेत अजून फुगा सोडून दाखवणाऱ्या माझ्या शिक्षक मित्रांनीही मागच्या हवेचा उल्लेख टाळावा. फुग्याच्या आतली हवा आणि फुग्याची पुढची भिंत, या दोनच गोष्टी फळ्यावर काढाव्यात आणि बाणही त्या दोघांमध्येच काढावा.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
सातारा